टायगर बार्बचा टँक गोव्यात लावताना: पाणी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

बार्ब हे छोटे शोभेचे मासे. ते पाळणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. आणल्यावर चार-पाच दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागले. सहा आणले, त्यातले दोनच उरले आणि तेही एकमेकांना फाडतात. सोबतच्या एंजल माशांचे लांब पर कुरतडून टाकले. मग ‘बार्ब भांडखोरच असतात’ असा शिक्का बसतो आणि टँक माळ्यावर जातो.

दोष माशांचा नसतो. कामांचा क्रम उलटा झालेला असतो. आधी मासे येतात, मग टँक लागतो आणि पाण्याचा विचार मासे मरायला लागल्यावर होतो. बार्बसाठी आधी पाणी तयार व्हायला हवं, मासे शेवटी यायला हवेत आणि सगळे एकदम यायला हवेत. गोव्यात पाण्याचा टप्पा आणखी महत्त्वाचा, कारण इथलं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं. मऊ पाण्यात टँक कसा बिघडतो ते नीट कळलं की निम्म्याहून अधिक मासे वाचतात.

खालची मापं ८ ते १० टायगर बार्बसाठी आहेत. हिरवे आणि अल्बिनो टायगर ही याच माशाची रूपं, त्यामुळे ती एकाच कळपात धरा. रोझी बार्बलाही हीच पद्धत चालते, पण त्याला थोडं थंड पाणी मानवतं आणि कोवळी झाडं तो खाऊन टाकतो. चेरी बार्ब स्वभावाने गरीब, त्याला दोन फुटी टँक पुरतो. टिनफॉइल बार्ब मात्र घरच्या टँकसाठी घेऊच नका. दुकानात बोटाएवढा दिसणारा तो मासा फूटभर वाढतो.

१. टँक, जागा आणि वजन

टँक ३६ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच घ्या, ८ मिमी काचेचा. ग्रॅव्हल आणि लाकूड घातल्यावर त्यात साधारण १३० लिटर पाणी मावतं. बार्ब आडवे धावतात, त्यामुळे त्यांना लांबी हवी. तेवढ्याच लिटरचा उंच किंवा गोल टँक त्यांच्या कामाचा नाही.

भरलेल्या टँकचं वजन २०० किलोच्या आसपास जातं. शोकेसवर किंवा टीव्हीच्या टेबलावर तो ठेवू नका. लोखंडी स्टँडला खाऱ्या हवेत वर्षभरात गंज धरतो, म्हणून पावडर कोटिंग केलेला स्टँड घ्या आणि वेल्डिंगचे सांधे नीट बघा. सांध्यापाशीच रंग पातळ असतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. साधं प्लायवूड पावसाळ्यात फुगतं, वापरायचंच तर मरीन प्लाय वापरा. वर १२ मिमी थर्माकोलची शीट घाला आणि चारही बाजूंना पाणसळ लावून बघा.

खिडकीचं ऊन थेट पडणारी जागा टाळा. शेवाळ तर वाढतंच, शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पाणी दुपारी ३१-३२ अंशांवर जातं.

*तपासा:* टँक अर्धा भरून एक रात्र तसाच ठेवा. सकाळी थर्माकोलवर ओल नसेल आणि चारही कोपऱ्यांत पाण्याची उंची सारखी असेल, तरच पुढे जा.

२. फिल्टर, हवा, झाकण

ताशी ६०० ते ८०० लिटर पाणी फिरवणारा पॉवर फिल्टर लावा. बार्बना प्रवाह आवडतो, पण एक कोपरा शांत राहील अशी तोंडाची दिशा ठेवा. सोबत एअर पंपावर चालणारा एक स्पंज फिल्टर हवाच. पुढे वीज गेल्यावर आणि नवे मासे वेगळे ठेवताना तोच कामाला येतो.

झाकण पूर्ण हवं. पाइप आणि वायर जिथून आत जातात त्या फटीही जाळीने बंद करा, कारण पाठलाग सुरू झाला की बार्ब उडी मारतात आणि ती नेमकी कोपऱ्यातल्या फटीतून जाते. आपल्याकडे पालीही आत पडतात, तेही थांबतं. प्रत्येक वायर सॉकेटच्या पातळीखाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही. ईएलसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) नसलेल्या लाइनवर टँक जोडू नका आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळी बटणं बंद करा.

हीटर गोव्यात जवळजवळ लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत सत्तरी, सांगे भागांत पहाटे पाणी २२ अंशांच्या खाली जात असेल तर १०० वॅटचा पुरे.

३. तळ, दगड, झाडं

दोन-तीन मिमीचं ग्रॅव्हल २५ किलो घ्या आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. किनाऱ्यावरची रेती नको. तिच्यात मिठाबरोबर शिंपल्यांचा चुरा असतो आणि त्याने पाणी किती जड होईल यावर तुमचा ताबा राहत नाही. चिऱ्याच्या दगडाने विषबाधा होत नाही, पण तो झिजत राहतो आणि फिल्टरचा स्पंज लाल गाळाने भरतो. काळा कातळ किंवा नदीतला गुळगुळीत गोटा बरा. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो दगड बाजूला ठेवा.

झाडांमध्ये अनुबियास, जावा फर्न आणि वॅलिसनेरिया टिकतात. ती मागच्या आणि बाजूच्या काचेला लावा, मधला पट्टा पोहायला मोकळा सोडा. लाकूड किंवा दगड अशा जागी उभा करा की एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला सतत दिसणार नाही. पाठलाग त्यानेच तुटतो.

४. पाणी ओळखा

हा टप्पा उरकू नका.

नळाचं पाणी ओपाहून येवो, साळावलीहून येवो की अस्नोड्याहून, ते नदीचं किंवा धरणाचं पाणी आहे आणि बहुधा मऊ आहे. मऊ म्हणजे त्यात आम्ल झेलणारे क्षार, म्हणजे केएच, कमी. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी त्याहून मऊ आणि आम्लधर्मी असतं. पीएच ६ किंवा त्याखालीही सापडतो, आणि काही विहिरींत लोह इतकं असतं की बादलीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यावर तांबूस तवंग धरतो.

टायगर बार्बला मऊ पाणी चालतं. अडचण जिवाणूंची होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे करताना ते पाण्यातला केएच खातात. केएच संपला की पीएच घसरतो, ६.५ च्या खाली जिवाणू मंदावतात आणि ६ च्या आसपास जवळजवळ थांबतात. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसत राहतं. महिनाभर छान चाललेला टँक अचानक बिघडला असं लोक म्हणतात, ते बहुधा हेच.

म्हणून थेंबांची टेस्ट किट घ्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच. कागदाच्या पट्ट्या आपल्या दमट हवेत लवकर खराब होतात आणि खोटे रंग दाखवतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त आहे, तोही असू द्या. किनाऱ्याजवळच्या विहिरींत मे महिन्यात खारं पाणी शिरतं. आकडा नेहमीपेक्षा चढलेला दिसला की त्या महिन्यात नळाचं पाणी वापरा.

केएच ४ वर आणा. खाण्याचा सोडा १०० लिटरला ३ ग्रॅम टाकला की केएच १ अंशाने वाढतो. १३० लिटरच्या टँकला १ अंशासाठी ४ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याला थोडा कमी. केएच १ असेल तर १२ ग्रॅम. रिकाम्या टँकमध्ये हे एकदम टाकता येतं. मासे असतील तर दिवसाला १ अंशापेक्षा जास्त वाढवू नका. पुढे दर आठवड्याला ४० लिटर नवं पाणी घालताना त्यात साडेतीन ग्रॅम सोडा आधीच विरघळवा.

दुसरा उपाय धीम्या गतीचा आहे. तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या मांसाचा कण न ठेवता घासा, उकळा, कडकडीत उन्हात वाळवा आणि मूठभर शिंपल्या जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या वाटेत ठेवा. पाणी आम्ल झालं की त्या विरघळतात. सोड्यासारखं मोजून देणं यात जमत नाही, पण आठवडाभर बाहेरगावी जाणाऱ्यांना याचा आधार असतो.

*सावधान:* धुण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर या वेगळ्या वस्तू आहेत, त्या टँकमध्ये नकोत. खाण्याचा सोडाही अंदाजाने ओतू नका. पीएच ८ च्या वर गेला तर पाण्यात आहे तेवढाच अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो, आणि आपल्या उष्ण पाण्यात तर अधिकच.

क्लोरीन काढा. नळाचं पाणी ड्रममध्ये एअरस्टोन लावून २४ तास ठेवा. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट वापरा. दुकानात ते अँटीक्लोरीन म्हणून मिळतं. खडे आणले असतील तर १० ग्रॅम १०० मिली पाण्यात विरघळवा आणि १० लिटर नळाच्या पाण्याला १ मिली घाला. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की क्लोरीनचा वास नळाला जाणवण्याइतका येतो. त्या दिवसांत मात्रा दुप्पट करा. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण त्यालाही २४ तास हवा द्या. त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच खरा काय तो कळतो आणि लोह खाली बसतं. वरचं नितळ पाणीच घ्या.

५. मासे नसताना टँक पिकवा: ४ ते ६ आठवडे

पाणी भरलं, फिल्टर सुरू केला, केएच ४ वर आला. आता जिवाणूंना खायला अमोनिया हवा. शुद्ध अमोनियम क्लोराइड ०.८ ग्रॅम टाकलं की १३० लिटरमध्ये अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. हेच रसायन नवसागर म्हणून बाजारात मिळतं, पण कल्हईचा किंवा डागाचा नवसागर आणू नका. त्यात धातूंची भेसळ असू शकते. प्रयोगशाळेच्या दर्जाचं बंद डब्यातलं घ्या. ते मिळत नसेल तर रोज चिमूटभर खाद्य टाकून कुजू द्या. वेळ जास्त लागतो आणि वास येतो, पण काम होतं.

कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्याच्या स्पंजचं पाणी आपल्या फिल्टरमध्ये पिळा. महिन्याचं काम दोन आठवड्यांवर येतं. बाटलीतल्या जिवाणूंच्या भरवशावर दुसऱ्याच दिवशी मासे मात्र सोडू नका.

क्रम असा दिसेल: आधी अमोनिया उतरू लागतो, मग नायट्राइट चढतो आणि बराच काळ वर राहतो, मग तोही उतरतो आणि नायट्रेट दिसतं. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा ०.८ ग्रॅम. दर चार दिवसांनी केएच बघा आणि २ वर आला की सोडा घाला. या क्रमालाच सायकल म्हणतात. ‘सायकल अडकली’ असं जे म्हणतात, ती गोव्यात बहुतेक वेळा केएच संपल्यामुळेच अडकलेली असते.

*तपासा:* ०.८ ग्रॅमचा डोस टाकल्यावर २४ तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. हे सलग दोनदा झालं की टँक पिकला. ७० टक्के पाणी बदला, केएच पुन्हा ४ वर आणा आणि मासे दोन दिवसांच्या आत आणा, नाहीतर जिवाणू उपाशी राहतील.

६. मासे निवडणं

किमान ८, जमलं तर १०. तीन-चार बार्ब ठेवले की त्यांची आपसातली मारामारी एकाच दुबळ्या माशावर पडते, आणि तो मेला की पुढच्यावर. कळप मोठा असला की तीच चढाओढ सगळ्यांत वाटली जाते आणि दुसऱ्या जातीच्या माशांकडे त्यांचं लक्षही कमी जातं. दोन-दोन करून आणू नका. आधी आलेले जागा धरून बसतात आणि नंतर आलेल्यांना पळवतात. रिकाम्या टँकमध्ये ०.८ ग्रॅमच्या मापाने पिकवलेला फिल्टर आठ-दहा पिल्लांना पहिल्या दिवसापासून पुरतो.

दुकानात माशांसमोर पाच मिनिटं थांबा. पाठीवरचा पर उभा हवा, काळे पट्टे गडद, पोट ना खपाटीला गेलेलं ना फुगलेलं. कल्ले दोन्ही बाजूंनी सारखे हलायला हवेत. दुकानदाराला थोडं खाद्य टाकायला सांगा. खाद्यावर न झेपावणारा बार्ब आजारी असतो. एकाच्या अंगावर रव्यासारखे पांढरे कण दिसले तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका.

मिस केरळ, म्हणजेच डेनिसन बार्ब, नव्या टँकसाठी नको. त्याला चार फुटांहून मोठा टँक, जोराचा प्रवाह आणि थंड, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला हा मासा धोक्यात आलेला आहे, म्हणून कधी घ्यायचाच झाला तर संवर्धन केंद्रात पैदास केलेलाच घ्या. आपल्या ओहोळांतले बार्ब पकडून आणणंही तितकंच चुकीचं. गोवा आणि कर्नाटकापुरताच सापडणारा इंडिगो बार्ब, शास्त्रीय नाव पेथिया सेटनाय, इथल्याच पाण्यातला. पहिल्या पावसात चढणीला लागलेले मासे अंडी घालायला वर निघालेले असतात. त्यांना जाळ्यात धरलं की त्या ओहोळातली पुढची पिढीच जाते.

सोबती म्हणून झेब्रा डॅनिओ, मोठे रासबोरा आणि तळाला कुहली लोच चालतात. एंजल, गप्पी, फायटर, गुरामी आणि गोल्डफिश चालत नाहीत. लांब किंवा सावकाश हलणारा पर दिसला की टायगर बार्ब तो चावणारच.

७. घरी आणणं आणि सोडणं

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी आणा. म्हापशाहून किंवा मडगावहून स्कूटरवर आणताना पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. डिकी भट्टीसारखी तापते, तिच्यात नको.

1. टँकचा दिवा बंद करा. बंद पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा.
2. पिशवी उघडून पाणी आणि मासे स्वच्छ बादलीत घ्या. दर पाच मिनिटांनी टँकमधलं एक कप पाणी घाला, बादलीतलं पाणी तिप्पट होईपर्यंत.
3. मासे जाळीने उचलून टँकमध्ये सोडा. पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतू नका.
4. त्या दिवशी खाद्य नाही, दिवा नाही.

परराज्यातून पार्सलने दहा-बारा तासांनी आलेल्या पिशवीला हा हळूपणा घातक ठरतो. बंद पिशवीत साठलेला अमोनिया उघडताच जास्त विषारी होतो. तिथे तापमान जुळवा आणि लगेच जाळीने हलवा.

पहिल्या खेपेला वेगळा टँक लागत नाही, कारण तुमचा टँक रिकामाच आहे. नंतर आणलेला प्रत्येक मासा मात्र स्पंज फिल्टर लावलेल्या ४० लिटरच्या टबमध्ये तीन आठवडे ठेवा.

*तपासा:* पहिला आठवडा रोज अमोनिया आणि नायट्राइट बघा. ०.२५ जरी दिसला तरी ३० टक्के पाणी बदला आणि खाद्य निम्मं करा.

सकाळी दिवा लावल्या लावल्या टायगर बार्ब डोकं खाली करून तिरके लोंबताना दिसतात, रंगही फिके. ही त्यांची झोप आहे. दहा मिनिटांत ते सरळ होतात. भर दुपारीही तसेच राहिले, पर मिटलेले असले, तर लगेच पाणी तपासा.

८. खाणं आणि आठवड्याचं काम

१ मिमीची गोळी दिवसातून दोनदा, एका मिनिटात संपेल एवढीच. बार्ब कधीच पुरे म्हणत नाहीत, त्यांच्या तोंडाकडे बघून देऊ नका. आठवड्यातून एकदा उकडलेल्या मटाराची साल काढून आतला गर चुरून द्या आणि एक दिवस उपास. जिवंत ट्युबिफेक्स टाळा, बरेचसे आजार त्यातूनच येतात. गोठवलेले ब्लडवर्म चालतात.

दर आठवड्याला ४० लिटर पाणी बदला, तळ सायफनने खेचून. नव्या पाण्याचं तापमान जुन्यापेक्षा दोन अंशांहून जास्त वेगळं नको. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी हाताला कोमट लागतं, ते थेट घालू नका. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धुतलात तर महिन्याभराचे जिवाणू गेले. नायट्रेट ४० च्या वर जात असेल तर खाद्य जास्त होतंय.

पाठलाग आणि चावणं यांत फरक करा. गोल गोल फिरणं, एकमेकांसमोर परं ताणून उभं राहणं हे रोजचंच. पर फाटलेले, एक मासा कोपऱ्यात वर दडलेला आणि खायला न येणारा, असं दिसलं तर लाकूड-दगडांची जागा बदला आणि कळप आठच्या खाली आला असेल तर वाढवा.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दिसला तर टँकवर एअरस्टोन वाढवा, पाणी ३० अंशांपर्यंत हळूहळू न्या आणि मिठागरातलं जाडं मीठ विरघळवून पहिल्या दिवशी लिटरला १ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी आणखी १ ग्रॅम घाला. ठिपके गेले तरी उपचार दोन आठवडे पूर्ण करा. जंतू काही काळ तळाशी असतो, तेव्हा तो दिसत नाही. पाणी बदलाल तेव्हा काढलेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा घाला. झाडांना हे सोसत नाही, ती आधी बादलीत काढून ठेवा.

९. उन्हाळा आणि पावसाळा

२५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. मे महिन्यात म्हणूनच एअर पंप रात्रंदिवस हवा. पाण्यावर पंखा सोडायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण आपल्या दमट हवेत बाष्पीभवन कमी होतं, त्यामुळे एक-दोन अंशांहून अधिक फरकाची अपेक्षा नको. दिवा दुपारी बंद ठेवणं, खिडकीला पडदा आणि कमी खाद्य यांचा उपयोग जास्त होतो. बर्फ थेट टाकू नका.

पावसाळ्यात वीज जाते. एअर पंप छोट्या इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर ठेवा, स्पंज फिल्टर एवढ्यावरच चालतो. वीज येईपर्यंत खाद्य बंद. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी तीन-चार तासांहून जास्त अडकून राहिलं तर ते सुरू करण्यापूर्वी डबा उघडून ओतून टाका, नाहीतर आतलं सडलेलं पाणी एका झटक्यात टँकमध्ये येतं.

पहिल्या पावसाचं कौलांवरचं किंवा पत्र्यावरचं पाणी घेऊ नका. गढूळ पाण्याच्या आठवड्यासाठी ड्रमभर पाणी आधीच साठवा. डासांची धुरी, कॉइल आणि फवारे यांतली औषधं माशांना फार थोड्या मात्रेतही मारतात, आणि एअर पंप खोलीतली तीच हवा पाण्यात ढकलतो. वाड्यावर फॉगिंगची गाडी आली की खिडक्या लावा, टँकवर ओला टॉवेल टाका, पंप बंद करा आणि धूर विरल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा सुरू करा.

मासे नकोसे झाले तर दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. ओहोळात, तळीत किंवा विहिरीत सोडू नका. बाहेरच्या माशांबरोबर आलेले रोग इथल्या बार्बना लागतात, आणि मोकळ्या पाण्यात त्यांच्यावर उपचार करता येत नाहीत.